भारचाचणी खरी, पण माहिती?

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर होणार असेल, तर त्याआधीपासूनच घरोघरी संगणक आणि मोबाइल सज्ज असतात. एकच्या ठोक्याला लाखो विद्यार्थी-पालक एकाच संकेतस्थळाकडे धाव घेतात. ही गर्दी संकेतस्थळाला पेलवेल का, हे आधीच तपासण्याच्या पद्धतीला ‘लोड टेस्टिंग’ अर्थात भारचाचणी म्हणतात. तयारी अपुरी राहिली तर काय घडते, याचा अनुभव अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१३ रोजी घेतला. ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ त्या दिवशी सुरू झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली.

भारचाचणीसाठी हजारो माणसे बसवावी लागत नाहीत. ‘अपाचे जेमीटर’सारखे मोफत सॉफ्टवेअर शेकडो आभासी वापरकर्ते निर्माण करते. पान उघडा, क्रमांक भरा, उत्तराची वाट पाहा, ही त्यांची कामे ज्यात क्रमवार लिहिलेली असतात, ती ‘स्क्रिप्ट’.

गफलत होते ती इथेच. घाईत स्क्रिप्टमध्ये एकच आसनक्रमांक लिहिला जातो आणि सर्व आभासी विद्यार्थी तोच निकाल मागू लागतात. पहिल्यांदा शोधलेले उत्तर सर्व्हर आपल्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे ‘कॅश’मध्ये ठेवतो आणि पुढच्यांना तेच देतो. चाचणीत संकेतस्थळ चपळ दिसते. निकालाच्या दिवशी मात्र ते कोलमडते. याउलट बँकेच्या चाचणीत सर्वांनी एकाच खात्यात पैसे भरले, तर ती एक नोंद बदलण्यासाठी रांग लागते आणि प्रत्यक्षात नसलेला संथपणा दिसतो. दोन्ही निष्कर्ष फसवेच.

यावर उपाय साधा आहे. माहिती स्क्रिप्टमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी. एका ओळीत एका वापरकर्त्याची माहिती आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, अशी ‘सीएसव्ही’ फाइल यासाठी पुरते. जेमीटरमधील ‘सीएसव्ही डेटा सेट कॉन्फिग’ हा घटक या फाइलमधून एकेक ओळ उचलतो आणि स्क्रिप्टमधील व्हेरिएबलमध्ये भरतो. नेहमीच्या मांडणीत सर्व आभासी वापरकर्ते एकाच फाइलमधून क्रमाने पुढची ओळ घेतात. त्यामुळे फाइल संपेपर्यंत कोणाचीही ओळ दुसऱ्याला मिळत नाही.

फाइल संपल्यावर काय, हे आधी ठरवावे लागते. जेमीटर मुळात पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करते. निकाल पाहण्याच्या चाचणीत ते एकवेळ चालेल. पण एकदाच वापरता येणारे कूपन असेल, तर दुसऱ्या फेरीत चुकांचा पाऊस पडेल. अशा वेळी पुनरावृत्ती बंद करून, ओळी संपताच थांबण्याची सूचना द्यावी. पाचशे वापरकर्ते प्रत्येकी वीस वेळा काम करणार असतील, तर दहा हजार ओळी हव्यात.

आणखी काही खाचखळगे आहेत. ‘शिवाजीनगर, पुणे’ या पत्त्यातील स्वल्पविरामामुळे रकाने सरकतात. तो मजकूर अवतरणचिन्हांत ठेवून तशी सोय सुरू करावी लागते. देवनागरी नावे असतील, तर फाइल ‘यूटीएफ-८’ संकेतनात जतन करावी आणि जेमीटरलाही तसे सांगावे. एक्सेलमध्ये फाइल उघडून जतन केली, तर आकड्यांच्या सुरुवातीची शून्ये उडू शकतात आणि सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊ शकतो. चाचणी अनेक संगणकांवरून करायची असल्यास, जेमीटर ही फाइल स्वतःहून तिकडे पाठवत नाही. ती प्रत्येक संगणकावर ठेवावी लागते, तीही वेगवेगळे भाग करून. अन्यथा तेच वापरकर्ते पुन्हा अवतरतात.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. ‘खरी’ माहिती हवी म्हणून ग्राहकांची खरी नावे आणि दूरध्वनी क्रमांक फाइलमध्ये उतरवण्याचा मोह टाळावा. अशा फाइल्स अनेकांच्या संगणकांवर फिरत राहतात आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. माहितीची संख्या आणि वैविध्य खऱ्यासारखे असावे. माणसे मात्र काल्पनिकच असावीत. चाचणीचा अहवाल वाचताना किती वापरकर्ते होते, एवढेच विचारून थांबू नये. त्यांच्या हाती कोणती माहिती दिली होती, हेही विचारावे.