मोटरसायकलींतील लिथियम बॅटरी : गुण आणि दोष

भूम आणि परांडा या तालुक्यांत पहांटे रस्त्यावर उभें राहिलें असतां दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली खव्याच्या भट्ट्यांकडे जातांना दिसतात. उन्हाळ्याच्या दिवसांत उशीर झाला तर दूध फाटतें. अशा वेळीं बटण दाबावें आणि गाडीनें नुसता 'टक्' असा आवाज करून गप्प बसावें, म्हणजे त्या दिवसाच्या मिळकतीवर पाणी पडलें असेंच समजावें. पूर्वी असें होत नसे. सन १९७२ मध्यें निघालेल्या लुनासारख्या गाड्यांत ठिणगी मॅग्नेटोपासून मिळे. पायानें फिरवलें कीं गाडी चालू. परंतु १ एप्रिल २०२० पासून धुराचे जे नवे निर्बंध अंमलांत आले, त्यांच्या पूर्ततेसाठीं बहुतेक गाड्यांत पेट्रोल विजेच्या पंपानें व इंजेक्टरनें सोडण्याची योजना झाली. बॅटरी पूर्ण उतरली कीं हा पंपच चालत नाहीं आणि किक असली तरी तिचा उपयोग क्वचितच होतो. म्हणून बॅटरी कोणती घ्यावी हा प्रश्न आतां चैनीचा राहिला नाहीं. अलीकडे लिथियमच्या बॅटरीची जाहिरात फार होते व तालुक्याच्या गांवींही तिच्याविषयीं विचारणा होऊं लागली आहे. सबब तीविषयीं दोन गोष्टी आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

जुन्या बॅटरींत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असतें. ही युक्ति गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें सन १८५९ मध्यें काढली. लिथियमची बॅटरी बाजारांत प्रथम सन १९९१ मध्यें सोनी या जपानी कंपनीनें आणिली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस सन २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मोटरसायकल सुरू करण्यासाठीं जी बॅटरी विकतात तींत बहुधा लिथियमबरोबर लोह व स्फुरद असतें. स्फुरद म्हणजे आपण खताच्या गोणीवर वाचतों तेंच. या प्रकारच्या एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट, असे चार घट जोडले म्हणजे १२.८ व्होल्ट होतात. शिशाचे दोन व्होल्टांचे सहा घट जोडून होणाऱ्या बॅटरीच्या जागीं ती म्हणूनच सहज बसते.

गुण निःसंशय आहेत. नऊ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी वजनानें सुमारें तीन किलो भरते, तर तिच्या जागीं बसणारी लिथियमची एक किलोच्या आंतबाहेर. हा गुण जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पण चाळीस लिटरांची किटली मागें बांधणाऱ्यास दोन किलोंचें काय कौतुक? तो शर्यतीच्या गाड्या चालविणाऱ्यांनीं पाहावा. आमच्या मतें खरा गुण निराळाच आहे. शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेल्या स्थितींत पडून राहिली तर पट्ट्यांवर एक कठीण पांढरा थर बसतो आणि ती मग पूर्वीप्रमाणें भरत नाहीं. लिथियमला हा रोग नाहीं. शिवाय ती पडल्या पडल्या आपोआप फार थोडी उतरते. आम्ल सांडण्याची, कपडे जळण्याची भीति नाहीं. आणि जोराचा विद्युत्प्रवाह एकदम देण्याची तिची शक्ति चांगली असल्यामुळें मोठ्या इंजिनाची गाडी जोमानें सुरू होते.

दोषांपैकीं पहिला म्हणजे किंमत. ती शिशाच्या बॅटरीच्या दोनतीन पट, कित्येकदां त्याहूनही अधिक असते. विकणारे सांगतात कीं ही बॅटरी दोन हजार वेळां भरतां उतरवितां येते, शिशाची तीनशें वेळां. हें बोलणें खोटें नाहीं, परंतु येथें लागूही नाहीं. मोटरसायकलच्या बॅटरीला रोज पूर्ण उतरावें लागत नाहीं. क्षणभर स्टार्टर फिरवावयाचा आणि पुन्हां इंजिनानें तिला भरावयाचें. तेव्हां त्या दोन हजारांचा हिशेब आपल्या खात्यांत जमा धरूं नये.

दुसरा दोष आम्हांस पदरमोड करून कळला. एका मोठ्या शहरांतील दुकानांतून आम्हीं लिथियमची बॅटरी आणिली. डब्यावर '९ अँपिअर' असें ठळक छापलें होतें. पंधरा दिवस परगांवीं राहून परत आलों तों गाडी मुकी, दिवासुद्धां लागेना. मग चष्मा लावून डबा पुन्हां वाचला. त्या नऊच्या खालीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें कीं हा आंकडा 'शिशाच्या तुलनेचा' आहे, म्हणजे गाडी सुरू करण्याच्या जोरापुरता. खरा साठा बाजूस ३६ वॅट-तास असा दिला होता. छत्तिसाला १२.८ नें भागिलें असतां २.८ अँपिअर-तास येतात, म्हणजे सांगितल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! आमच्या गाडीस चोरीच्या भयानें ठिकाण कळविणारें एक यंत्र लाविलें आहे. तें यंत्र व गाडीचें घड्याळ मिळून सुमारें १२ मिलिअँपिअर रात्रंदिवस खातात. २.८ चा साठा त्या मानानें २३३ तासांत, म्हणजे दहा दिवसांच्या आंतच संपतो. खऱ्या नऊचा साठा महिनाभर पुरला असता. कारकुनी केलेल्या मनुष्यानें बारीक अक्षरें आधीं वाचावयास हवीं होतीं, हें कबूल करणें भाग आहे. वाचकांनीं मात्र डब्यावरील वॅट-तासांस १२.८ नें भागूनच साठा ठरवावा.

तिसरी गोष्ट दाबाची. चारही घट भरण्याची मर्यादा १४.६ व्होल्ट. गाडीचा रेग्युलेटर बिघडून दाब पंधराच्या वर गेला तर शिशाची बॅटरी उकळून पाणी गमावते, पण कांहीं दिवस चालते. लिथियमचे घट मात्र कायमचे बिघडतात, किंवा आंतील संरक्षक पट्टी प्रवाह तोडते. उलट दाब दहा व्होल्टांखालीं गेला तरीही घट निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून खरेदीपूर्वीं मेकॅनिककडे मीटर लावून, इंजिन थोडें वाढवून, बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. तो साडेतेरा ते साडेचौदा यांमध्यें स्थिर असेल तर ठीक. अन्यथा आधीं रेग्युलेटर बदलावा. तसेंच गॅरेजमधील जुना चार्जर लिथियमला लावूं देऊं नये. कांहीं चार्जर पट्ट्यांवरील थर काढण्यासाठीं मुद्दाम जास्त दाबाचे झटके देतात.

उष्णतेचा विचार आपल्या जिल्ह्यांत टाळतां येत नाहीं. एप्रिल-मेमध्यें पारा चाळिशीच्या पुढें जातो, आणि पत्र्याखालीं उभ्या गाडीच्या बैठकीखालीं त्याहून अधिक. उष्णतेनें शिशाची बॅटरी लवकर जीर्ण होते हें सर्वांस ठाऊक आहे. लिथियमलाही ती मानवत नाहीं. ज्या गाडींत बॅटरीची पेटी इंजिनाच्या अगदीं लगत आहे तेथें ती बसवूं नये.

आगीविषयीं बरीच भीति पसरली आहे. सन २०२२ मध्यें विजेच्या कांहीं स्कूटरांस आगी लागल्या, त्यांत मार्च महिन्यांत पुण्यासही एक प्रसंग घडला, आणि त्यानंतर डिसेंबरापासून सरकारनें विजेच्या गाड्यांच्या बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या. परंतु चाकें फिरविणारी ती बॅटरी आकारानें कित्येक पट मोठी असते, व पुष्कळदां तिच्यांतील द्रव्यें निराळीं असतात. लोह-स्फुरदाचा प्रकार त्या मानानें सौम्य आहे. तरी फुगलेली बॅटरी वापरूं नये आणि कोणतीही बॅटरी कडब्याच्या गंजीजवळ भरण्यास लावूं नये.

मग घ्यावी कीं नाहीं? किक असलेल्या, रोज धांवणाऱ्या शंभर-सव्वाशें सी. सी. च्या गाडीस आमच्या मतें बंद डब्याची शिशाची बॅटरीच योग्य. ती तालुक्याच्या गांवीं त्याच दिवशीं मिळते, आणि जुनी परत दिली कीं कांहीं रक्कम वजा होते. मोठी गाडी असून जी आठवडेच्या आठवडे उभी राहते, आणि जींत गुप्तपणें वीज खाणारें यंत्र नाहीं, तिच्या मालकानें लिथियमचा विचार अवश्य करावा. फवारणीच्या पाठीवरील पंपाची गोष्ट वेगळी. तेथें बॅटरी खरोखरच रोज उतरते व भरते, आणि सोयाबीनच्या सरींतून दिवसभर ओझें पाठीवर असतें. तेथें वजन व ते दोन हजार फेरे दोन्ही कामास येतात, आणि अधिक दिलेले पैसे वसूल होण्यासारखे आहेत.

निकामी झालेली लिथियम बॅटरी भंगारवाला शिशासारखी हौसेनें घेत नाहीं. ऑगस्ट २०२२ च्या नियमांप्रमाणें ती परत जमा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवावी, व बॅटरी परत देईपर्यंत दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या जागीं, मुलांच्या हातीं न लागेल अशी ठेवावी. उकिरड्यावर टाकूं नये. तेथून ती खताबरोबर शेतांत येते.