आशय-विपणनातील नेहमीच्या चुका : सुकापूरच्या घरबाजाराच्या निमित्ताने

आशय-विपणन म्हणजे मालाची थेट जाहिरात न करता ग्राहकाच्या उपयोगाची माहिती सातत्याने देऊन त्याचा विश्वास मिळवणे. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये सुरू केलेले 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे मुखपत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघरी पोहोचले, हे त्याचे मराठीतील ठळक उदाहरण होय.

पनवेललगतच्या सुकापूरसारख्या वाढत्या वस्तीत घरे विकताना होणारी पहिली चूक म्हणजे सणांच्या शुभेच्छा आणि सवलतींचाच भडिमार. त्याऐवजी पाणीपुरवठा, देखभाल खर्च, गृहकर्जाची कागदपत्रे अशा ग्राहकाच्या खऱ्या प्रश्नांना एकेका पोस्टमध्ये उत्तर द्यावे.

दुसरी चूक मोघमपणाची. 'स्टेशन हाकेच्या अंतरावर' असे लिहिण्यापेक्षा पनवेल स्थानक किती किलोमीटरवर आहे आणि सकाळच्या गर्दीत रिक्षाने किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष मोजून सांगितलेले अधिक पटते.

तिसरी चूक अपुऱ्या माहितीची. चटई क्षेत्र, म्हणजे बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून घरात वापरता येणारी जागा, स्पष्ट लिहावी. महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, याने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक केला आहे.

शेवटी, यश लाइकवर न मोजता आलेल्या चौकशींवर मोजावे.