बिननावाच्या सायकलचा माग

जुन्या सायकलचे नाव हँडलखालच्या उभ्या नळीवर, रिव्हेटने ठोकलेल्या धातूच्या बिल्ल्यावर असते. बिल्ला निघून गेला आणि सांगाड्यावर दोन-तीनदा रंग चढला, की कारखाना कोणता आणि साल कोणते हे दोन्ही प्रश्न उघडे राहतात. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या बहुतेक सायकली इंग्लंडहून, विशेषतः बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीहून येत. त्यामुळे जुन्या वाड्याच्या माळ्यावर सापडलेल्या बिननावाच्या सायकलचा शोध बहुधा याच तीन शहरांकडे वळतो.

बिल्ला गेला तरी रिव्हेटांची भोके मागे राहतात. ती उभ्या रेषेत आहेत की आडव्या, त्यांच्यात किती अंतर आहे, हे मोजून ओळखीच्या बिल्ल्यांशी ताडून पाहता येते. पण सर्वांत बोलका भाग म्हणजे चेनव्हील, पायडलजवळचे दातेरी चाक. इंग्लिश कंपन्यांपैकी रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांच्या आकृती कापलेल्या असतात, रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा, तर हंबरच्या चेनव्हीलमध्ये माणसांच्या पाच आकृती. हंबरची आणखी एक खूण लांबूनही दिसते: पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना एकेक नळी नसून जोडनळ्या असतात.

बीएसएच्या बाबतीत मात्र जपून राहावे. बंदुका बनवणारी ही बर्मिंगहॅमची कंपनी सायकलचे सुटे भाग इतर कारखानदारांनाही विकत असे. त्यामुळे एखाद्या भागावर तीन बंदुकांची खूण दिसली म्हणून अख्खी सायकल बीएसएची ठरत नाही. शिवाय चेनव्हील, चाके, सीट हे सगळे दुरुस्तीत बदलले जाते. सांगाडा सहसा बदलत नाही, म्हणून अखेरचा कौल त्याचाच घ्यावा.

सांगाड्यावरचा पुरावा पायडलच्या आसाच्या घरात मिळतो. इतर इंग्लिश सायकलींच्या या घराला इंचाला 24 आटे असतात, रॅलेने मात्र स्वतःचे 26 आट्यांचे माप ठेवले. आटे मोजण्याच्या पट्टीने हा फरक मिनिटभरात कळतो. मात्र रॅलेने 1932 मध्ये हंबर आणि 1943 मध्ये रजचा सायकल धंदा घेतला, त्यामुळे त्यानंतरच्या या नावांच्या सायकलींतही 26 आटे निघू शकतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सांगाड्याचा क्रमांक सीटखालच्या जोडावर किंवा पायडलच्या घराच्या बुडाशी ठोकलेला असतो. रंगाखाली तो बुजला असेल, तर कागद ठेवून वरून पेन्सिल हलकेच घासावी, आकडे उमटतात. पण कित्येक कारखान्यांची दप्तरे आज उरलेली नाहीत, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून साल सांगणे पुष्कळदा अशक्य असते.

सालासाठी मागचा हब तपासावा. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब 1902 पासून निघू लागला आणि त्यातले गाजलेले ‘एडब्ल्यू’ मॉडेल 1936 चे. 1950 च्या दशकातल्या अशा हबवर साल आणि महिना कोरलेला असतो: ‘52 8’ म्हणजे ऑगस्ट 1952. तो हबचा जन्म आहे, सायकलचा नव्हे. चाक बदललेले असू शकते. आपल्याकडच्या साध्या, बिनगिअरच्या सायकलींना हा पुरावा मिळतच नाही. तिथे तारा मोजाव्यात. पुढे 32 आणि मागे 40 ही जुनी इंग्लिश रीत. दोन्हीकडे 36 असतील तर चाके मूळची आहेत का, अशी शंका घ्यावी.

इंग्लिश खुणा म्हणजे इंग्लंडची सायकल, असेही नाही. 1949 मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स उभी राहिली आणि तिथे हर्क्युलीस बनू लागली. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना आला. म्हणून 1950 नंतरच्या सायकलवर बगळा दिसला, तरी ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरे कुठे आहेत का, हे बारकाईने शोधावे.

एक खूण सुटी पाहून निर्णय देऊ नये. सांगाडा, आटे, चेनव्हील आणि हब या चौघांची साक्ष जुळली, तरच नाव आणि दशक खात्रीने सांगता येते. आणि अशी सायकल हाती आली, तर ती घासून रंगवायला देण्याची घाई कृपया करू नका. आधी क्रमांक टिपून घ्या, भोकांचे अंतर मोजा, फोटो काढा. जुन्या रंगाखाली सोनेरी रेघ किंवा अर्धे अक्षर शिल्लक असेल, तर ते एकदा घासले की परत मिळत नाही.