पाणी कोमट, तरी हुडहुडी का भरते?

डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे कडेगाव तालुक्यातल्या कुठल्याही तलावाच्या काठी जाऊन उभे राहा. येरळेवरचा बंधारा चालेल, नाहीतर टेंभू योजनेचं पाणी सोडलेला गावचा तलाव चालेल. पाण्यावरून वाफा निघताना दिसतील. वारा कानाला झोंबत असेल, नाकाचा शेंडा गार पडला असेल. आता वाका आणि हात पाण्यात घाला. पाणी चक्क कोमट लागेल!

यात जादू काही नाही. आपल्याकडे अशा पहाटे हवा दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. पण तलावभर पाणी एका रात्रीत इतकं गार होत नाही. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. म्हणून पहाटे ते हवेपेक्षा गरम असतं. त्यावरची ओलसर हवा गार हवेत मिसळली की बाष्पाचे बारीक थेंब होतात, त्याच आपल्याला दिसणाऱ्या वाफा.

आता कोडं ऐका. तुम्ही याच पहाटे काकांबरोबर छोट्या होडीतून गळ टाकायला निघालात आणि होडी कलंडली. त्या कोमट पाण्यात पडल्यावर ऊब मिळेल की थंडी वाजेल?

थंडी वाजेल, आणि तीही काठावर वाजत होती त्याहून जास्त. हाताला कोमट लागलेलं ते पाणी गार हवेपेक्षा कितीतरी वेगानं तुमच्या अंगातली उष्णता काढून घेईल. असं का होतं हे एकदा समजलं, की थंडीत पाण्यावर जाताना काय घालायचं आणि काय घरी ठेवायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आपलं शरीर सतत उष्णता तयार करत असतं. मोठं माणूस नुसतं बसलेलं असलं तरी त्याच्या अंगातून जवळजवळ १०० वॅट उष्णता बाहेर पडते, म्हणजे जुना पिवळा शंभरचा बल्ब लावल्यासारखीच. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावं म्हणून शरीराची सगळी धडपड चालते. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू होतो. बोलणं अडखळतं, हात सांगितलेलं ऐकत नाहीत, डोकं नीट चालत नाही. त्याआधी शरीर आपल्याला इशारे देतं. काटा येतो, दात वाजतात, हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी झटपट हालचाल करून उष्णता बनवण्याचा प्रयत्न. बोटं गार पडतात ती आतल्या अवयवांना वाचवण्यासाठी. बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त छाती-पोटाकडे राहतं. म्हणून थंडीत गळाला गांडूळ लावताना बोटं बधिर होतात.

आता हवा आणि पाणी यांच्यातला फरक पाहा. उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेण्याच्या कामात पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट पटाईत आहे. स्थिर हवा तर या कामात फारच मंद. अंगाला चिकटून राहिलेली हवा एकदा गरम झाली की तिथंच थांबते आणि आपल्याला ऊब वाटते. पाण्यात तसं होत नाही. अंगाजवळचं पाणी उष्णता घेतं, हलतं, आणि त्याच्या जागी नवं गार पाणी येतं. वीस अंशांच्या हवेत आपण मजेत अभ्यास करतो. वीस अंशांच्या पाण्यात बराच वेळ राहिलो तर ओठ निळे पडतात. आणि पहाटे हाताला पाणी कोमट का लागलं? वाऱ्यानं हात आधीच गारठलेला होता. आपली त्वचा तापमान मोजत नाही, ती बदल ओळखते. त्यामुळे तिच्या भरवशावर कपडे निवडू नयेत.

हे फार पूर्वीच आणि फार नीट ओळखलं होतं उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी. कयाक ही त्यांचीच होडी. लांब, अरुंद, एका माणसापुरती, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची. तिच्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बसवत. ती होडी इतकी बुटकी असते की बसणारा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर असतो. लाट आली की भिजणार, हे ठरलेलंच. तिथलं पाणी बर्फाजवळचं, पडलं तर काही मिनिटांत हातपाय चालेनासे होतात. म्हणून इन्युइट स्त्रियांनी सीलच्या आतड्यांपासून जॅकेटं शिवली. आतडं स्वच्छ करून, वाळवून, पट्ट्या कापून ते असं टाचत की टाक्यातून पाणी आत येत नसे. जॅकेट वजनाला अगदी हलकं, पण पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं. काही जॅकेटं तर होडीच्या बसायच्या भोकाच्या कडेला घट्ट बांधता येत. होडी उलटली तरी पाणी आत शिरत नसे आणि कसलेला शिकारी वल्ह्याच्या एका फटक्यात पुन्हा सरळ होई. जॅकेटच्या आत केसाळ कातड्याचे कपडे असत. कॅरिबू या हरणाचे केस आतून पोकळ असतात, त्यांच्यात हवा अडकून राहते. म्हणजे आत अडकलेली हवा आणि बाहेर पाणी अडवणारा थर. मला ही शिवणकला एखाद्या मोठ्या यंत्राच्या शोधाइतकीच थोर वाटते.

हीच रचना आपल्या शेजारीही सापडते. कडेगावाहून मायणीचा तलाव काही फार लांब नाही. तिथं रोहित पक्षी पाहायला लोक जातात. हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर बदकं उतरतात, त्यांच्याकडे नीट पाहा. बदक दिवसभर पाण्यात बसतं आणि त्याला हुडहुडी भरत नाही. शेपटीच्या मुळाशी त्याची एक तेलग्रंथी असते. चोचीनं ते तेल घेऊन बदक पिसांना चोपडतं आणि पिसं एकमेकांत नीट अडकवतं. त्यामुळे वरची पिसं पाणी आत येऊ देत नाहीत. त्यांच्याखाली मऊ, पिंजलेली बारीक पिसं असतात आणि त्यांच्यात हवा भरलेली असते. बदकाच्या अंगाला पाणी लागतच नाही!

आता आपल्या कपाटाकडे वळू. हिवाळ्यात आपण सर्वांत आत काय घालतो? सुती बनियन. कोरड्या जागी सूत छान. पण पाण्यावर सुती कपड्यासारखा वाईट सोबती नाही. सूत पाणी पिऊन घेतं, स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त. त्याच्या धाग्यांमधली हवा निघून जाते, तिथं पाणी बसतं आणि कपडा अंगाला चिकटतो. मग सुरू होतं बाष्पीभवन. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० जूल उष्णता लागते. समजा तुमच्या शर्टात ३०० ग्रॅम पाणी आहे. ते वाळवायला ७ लाख २० हजार जूल लागतील. शंभर वॅट म्हणजे सेकंदाला शंभर जूल, तासाला ३ लाख ६० हजार. गणित करा: एक ओला शर्ट वाळवायला शांत बसलेल्या माणसाची दोन तासांची सगळी उष्णता! त्यातली काही हवेतून आणि उन्हातून येते हे खरं, पण पहाटे ऊन नसतं आणि वारा असतो. ओल्या शर्टवर होडीत बसून राहणं म्हणजे काय, ते या आकड्यावरून कळतं. जीनची पँट तर आणखी वाईट. जाड सूत, भरपूर पाणी, आणि वाळायला अख्खा दिवस.

याच्या अगदी उलट वागते लोकर. मेंढीचा केस सरळ नसतो, कुरळा असतो. कुरळे केस एकमेकांवर सपाट बसत नाहीत, मध्ये हवेचे कप्पे राहतात. भिजल्यावरही हा कुरळेपणा टिकतो, म्हणून सगळी हवा निघून जात नाही. केसाच्या बाहेरच्या खवल्यांवरून पाण्याचा थेंब घरंगळतो, पण बाष्प मात्र केसाच्या आत शिरतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकं बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. बाष्प शोषून घेताना लोकर थोडी उष्णता सोडते. म्हणजे दमट होता होता ती ऊब देते!

आपल्या धनगर बांधवांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागांत दख्खनी मेंढ्यांचे कळप फिरतात. त्यांची लोकर कातरून, पिंजून, सूत काढून सनगर लोक घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं धागा मजबूत होतो. पावसात मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन उभा राहतो. वरून पाऊस पडत असतो आणि आत तो उबेत असतो. थंडीच्या कपड्यांचं याहून चांगलं विज्ञान मला तरी आपल्या भागात दुसरं दिसत नाही. पण होडीत घोंगडी घेऊन बसू नका. ती भिजली की फार जड होते आणि पाण्यात पडल्यावर हातापायांत गुंतते. काठावर परतल्यावर पांघरायला मात्र तिच्यासारखी तीच.

मग भिजूनही उबेत राहायचं असेल तर? १९५१-५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याच प्रश्नावर विचार करत होते. पाण्याखाली काम करणारे पाणबुडे गारठून जात. सगळे जण माणूस कोरडा कसा राहील याच्या मागे लागले होते. ब्रॅडनरना सुचलं की माणूस भिजला तरी हरकत नाही, कपड्यात मात्र हवा अडकलेली हवी. निओप्रीन नावाचं कृत्रिम रबर असतं, त्याच्या फेसाळ प्रकारात असंख्य बंद बुडबुडे असतात. त्याचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख केला. पोशाख आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, अंगाच्या उष्णतेनं गरम होतो आणि बाहेर जाऊ शकत नाही म्हणून गरमच राहतो. हाच वेटसूट. आज जगभर थंड पाण्यात कयाक चालवणारे तो घालतात.

आपल्या भागात वेटसूटची गरज क्वचितच पडते. पण पाण्यावरचे खेळ आता आपल्या जवळ आले आहेत. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे इथं २०२४ साली जलपर्यटन केंद्र सुरू झालं. आणि आपले मासेमार तर पूर्वीपासून पाण्यावर आहेत. कुणी पत्र्याच्या होडीत, कुणी थर्माकोलच्या तराफ्यावर, कुणी ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून पहाटे जाळी काढायला जातात. ट्यूबवर बसणाऱ्याचे पाय तर सतत पाण्यातच असतात.

तेव्हा मोठ्यांबरोबर पाण्यावर जायचं असेल, तर कपडे हवा पाहून ठरवू नका. पाण्यात पडलो तर काय होईल, हे पाहून ठरवा. आत सुती बनियन नको. कबड्डीचा किंवा क्रिकेटचा तो चकचकीत पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून लवकर वाळतं. त्यावर अंगाला बसेल असा लोकरीचा स्वेटर. आजीनं विणलेला असेल तर उत्तमच. सर्वांत वर वारा आणि तुषार अडवणारं विंडचीटर. प्लॅस्टिकचा रेनकोट वारा अडवतो खरा, पण घामाची वाफही अडवतो, म्हणून वल्हवताना त्याची गळ्याजवळची बटणं थोडी मोकळी ठेवा. पायात लोकरी मोजे. गमबूट नकोत, त्यांत पाणी भरलं की पाय उचलत नाही. डोक्यावर कानटोपी. अंगातली बहुतेक उष्णता डोक्यातूनच जाते असं कुणी सांगेल, ते खरं नाही. डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा भाग, आणि उष्णताही त्याच्यातून जवळजवळ तेवढीच जाते. पण कानांना वारा फार झोंबतो, तेव्हा टोपी हवीच. आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बरोबर ठेवा.

मासे मात्र स्वेटरशिवाय कसे राहतात? त्यांच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर कमी-जास्त होतं, त्यामुळे उष्णता वाचवायची धडपडच त्यांना करावी लागत नाही. पाणी गार झालं की रोहू, कटला सुस्त होतात आणि कमी खातात. म्हणून थंडीत अगदी पहाटे गळ टाकून कुडकुडण्यापेक्षा ऊन चढल्यावर जाणं बरं. मासा तेव्हा जास्त खातो आणि आपणही गारठत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी घरी पडताळून पाहा. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या आणि दोन्हींत सारखंच कोमट पाणी भरा. एकीवर ओला सुती मोजा चढवा, दुसरीवर ओला लोकरी मोजा. दोन्ही पंख्यासमोर ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान मोजा आणि वहीत लिहा. मग दोन्ही मोजे कोरडे करून तोच प्रयोग पुन्हा करा आणि चारही रकाने शेजारी शेजारी मांडून पाहा.

कुणी पाण्यात पडून भिजलाच, तर आधी त्याचे ओले कपडे काढा, अंग हळूच टिपून कोरडं करा, कोरडे कपडे घाला, आणि मग घोंगडी. तो नीट शुद्धीवर असेल तर गरम गोड दूध द्या. हातपाय जोरजोरात चोळू नका. बोलणं अडखळत असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि सगळ्या कपड्यांच्या वर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय, तुम्हाला कितीही छान पोहता येत असलं तरी, होडीत पाय ठेवू नका.