चौकोनी छत्रीचे जेलीफिश

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील केर्न्स येथील डॉक्टरांपुढे एक कोडे होते. समुद्रात पोहताना माणसाला थोडेसे चुरचुरे, त्वचेवर फारशी खूणही दिसत नसे. अर्ध्या तासाने मात्र कंबर व पोट असह्य दुखू लागे, घाम फुटे, उलट्या होत, रक्तदाब चढे. १९५२ साली डॉ. ह्यूगो फ्लेकर यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या नावावरून या विकाराला ‘इरुकांजी’ हे नाव दिले. दंश करणारा प्राणी मात्र सापडत नव्हता.

१९६१ साली तो डॉ. जॅक बार्न्स यांच्या हाती लागला. छत्री जेमतेम बोटाच्या नखाएवढी आणि काचेसारखी पारदर्शक! खात्री करून घेण्यासाठी बार्न्स यांनी स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला त्याचा दंश करविला. तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. (मुलावर असा प्रयोग आज कोणी मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.) पुढे या जातीला ‘कारुकिया बार्नेसाय’ हे नाव मिळाले.

सिलेंटराटा संघातील क्युबोझोआ वर्गाचा हा प्राणी. पाठ्यपुस्तकात भेटणाऱ्या ऑरेलियाची छत्री बशीसारखी गोल असते. क्युबोझोआची छत्री पेटीसारखी चौकोनी आणि शुंडके फक्त चार कोपऱ्यांतून निघालेली. या वर्गात सुमारे ५० जाती आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या जातींपैकी एक म्हणजे ‘कायरोनेक्स फ्लेकेराय’. हिची छत्री ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, प्रत्येक कोपऱ्यात १५पर्यंत शुंडके असतात आणि ताणली की ती तीन मीटर लांब होतात. लहानपणी हा प्राणी मुख्यतः कोळंबी खातो, वाढल्यावर मासे. धडपडणारा मासा नाजूक शुंडके तोडून टाकील. म्हणून तो तत्काळ निपचित पडणे आवश्यक असते. विषातील प्रथिने पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडतात. शुंडकांचा मोठा विळखा बसला तर माणसाचेही हृदय काही मिनिटांत बंद पडू शकते.

मग आकार लहान म्हणजे धोका कमी असे समजावे का? कारुकियाने त्याचे उत्तर दिलेच आहे. पण तेवढ्याच आकाराचा ‘ट्रायपेडेलिया’ पाहा. कॅरिबियन समुद्रालगतच्या खारफुटीत, उन्हाच्या कवडशांत जमणारे सूक्ष्म कवचधारी प्राणी तो टिपतो. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. त्याला डोळे मात्र २४! त्यांपैकी काही सतत वर पाहत असतात आणि पाण्यातून दिसणाऱ्या झाडांच्या फांद्यांवरून तो दिशा ठरवितो. मेंदू नसलेला हा प्राणी आपटून आपटून अडथळे टाळायला शिकतो, हे २०२३ साली प्रयोगाने दाखविण्यात आले. मला स्वतःला विषापेक्षा ही गोष्ट अधिक विलक्षण वाटते.

क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर पोहण्याच्या जागेभोवती जाळी बांधतात. तिने मोठा कायरोनेक्स अडतो. नखाएवढा कारुकिया भोकांतून सहज आत येतो. अंग झाकणारा पातळ पोशाख दोघांपासूनही संरक्षण देतो. एके काळी तेथील जीवरक्षक चक्क बायकांचे नायलॉनचे लांब मोजे घालीत!

दंश झालाच, तर तेथे त्या जागेवर व्हिनेगर ओततात. त्याने न फुटलेल्या दंशपेशी निकामी होतात. अंगात गेलेले विष उतरत नाही, त्यामुळे रुग्णालय टळत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्याला लागणारी निळी, फुग्यासारखी ‘ब्लू बॉटल’ मात्र क्युबोझोआ नव्हे. ती खरी जेलीफिशही नाही. तिच्या दंशावर व्हिनेगर वापरू नये असे ऑस्ट्रेलियातील प्रथमोपचाराचे नियम सांगतात. तिची शुंडके काढून, समुद्राच्या पाण्याने धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवतात. सहलीला मुलांना किनाऱ्यावर नेताना हा फरक शिक्षकांना ठाऊक हवा.