गरोदरपणातल्या गोळ्या: भीती कुठे नको, जपायचं कुठे

आशाताईंनी दिलेली रक्तवाढीची लाल गोळी घरात येते, पण पोटात जातेच असं नाही. ‘या गोळ्यांनी बाळ काळं होतं’, ‘बाळ फार मोठं होतं, मग सिझर करावं लागतं’ असं कुणीतरी सांगतं आणि पाकीट कपाटात पडून राहतं. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, लोहाचा त्याच्याशी संबंध नाही. काळी होते ती आईची शी, कारण न शोषलं गेलेलं लोह त्यावाटे बाहेर पडतं. त्यात काळजीचं काही नाही. काळजी करायची ती रक्त कमी असण्याची. अशा बाईला बाळंतपणात थोडासा जास्त रक्तस्रावही झेपत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता.

सरकारी कार्यक्रमातल्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस घ्यायची असते. मळमळतं म्हणून ती बंद करू नका, रात्री जेवणानंतर घ्या. तिच्या मागेपुढे तासभर चहा नको, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. लिंबूपाण्याने उलट मदत होते. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळी, निदान दोन तासांच्या अंतराने. ‘लक्षात राहावं म्हणून दोन्ही एकदमच घेते’ असं अनेकजणी सांगतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. इतक्या नेमाने घेतलेल्या गोळीचा बराचसा गुण तिथेच वाया जातो.

‘दिवस गेल्याचं कळलं की गोळ्या सुरू करू’ हा समज सगळ्यात महाग पडतो. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आतच मिटते. तोवर पुष्कळजणींची पाळी नुकतीच चुकलेली असते. म्हणून फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरवल्यापासून, म्हणजे दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायला हवं. या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट आपल्या मुंबईतून गेली आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या आणि गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे हेच जीवनसत्त्व, फोलेट, हे पुढे कळलं.

म्हणून जास्त घेतलं की जास्त चांगलं, असं मात्र नाही. दुकानात फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. ती सरकारी गोळीतल्या मात्रेच्या दहापट आहे. आधीच्या बाळात कण्याचा दोष असेल किंवा फेफऱ्याची काही औषधं चालू असतील, तर डॉक्टर मोठी मात्रा देतात. इतरांनी ती मनाने घेऊ नये. फॉलिक ॲसिड भरपूर असलं की बी-१२ ची कमतरता झाकली जाऊ शकते आणि शाकाहारी घरांत ती कमतरता नेहमीची आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने अभ्यास केला. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद सर्वात कमी आढळला. हीच पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट असते.

खरा धोका आहे तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा. सुरुवातीच्या महिन्यांत रोज १०,००० युनिटपेक्षा जास्त तयार ‘अ’ जीवनसत्त्व पोटात गेलं, तर बाळात व्यंग येण्याची शक्यता वाढते. म्हणून कॉड माशाच्या यकृताचं तेल आणि रोजची कलेजी टाळा. गाजर आणि पालेभाज्या खुशाल खा, त्यांतून शरीर गरजेपुरतंच ‘अ’ बनवतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगून ते बंद करायला हवं.

पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी आणि काढे पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. लाल गोळ्या थोरल्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा. गोड समजून त्या मूठभर खाल्ल्या, तर ते लहानग्याच्या जिवावर बेतू शकतं.