ताप उतरल्यानंतरचा थकवा



आपल्याकडे ताप उतरला कीं माणूस बरा झाला, असें समजण्याची रीत आहे. घाम येऊन अंग गार पडलें, दोन दिवस मऊ भात पोटांत गेला, कीं घरचीं माणसें विचारूं लागतात, "मग कामावर केव्हां जाणार?" पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत हा प्रश्न फारच लवकर विचारला जातो, कारण येथील पुष्कळ घरांचा महिना पाळीच्या हजेरीवर चालतो. परंतु विषाणूंच्या तापांत अनेकदां ताप जातो आणि थकवा मागें राहतो. त्या थकव्यासंबंधीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

२०२४ च्या पावसाळ्यांत पुणें व पिंपरी-चिंचवड येथें चिकुनगुन्याचे रुग्ण फार वाढले होते. हें नांव आफ्रिकेंतील माकोंडे भाषेंतलें असून त्याचा अर्थ 'वांकवून टाकणारा' असा आहे. १९५२-५३ सालीं टांगानिकांत हा रोग प्रथम ओळखला गेला. आपल्या महाराष्ट्रांत १९७३ सालीं बार्शीस त्याची साथ आली होती. माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत जुळणीच्या कामावर आहे. त्याला त्या पावसाळ्यांत हा ताप आला. चौथ्या दिवशीं ताप उतरला, आठव्या दिवशीं तो रात्रपाळीस उभा राहिला, आणि दहाव्या दिवशीं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिला. "ताप नाहीं, मग आजार कसला?" असें वरिष्ठानें विचारलें. त्याच्याजवळ उत्तर नव्हतें. मजकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, मी आळशी झालों कां?"

तो आळशी झाला नव्हता. विषाणु शरीरांत शिरला म्हणजे त्याच्याशीं लढणाऱ्या पेशी जीं द्रव्यें सोडतात, त्यांमुळेंच अंग मोडून येतें, भूक जाते व डोळ्यांवर झांपड येते. शत्रु हटला तरी ही फौज एकदम छावणींत परतत नाहीं. त्यांतच अंथरुणावर पडून स्नायू झिजलेले असतात, अन्न कमी गेलेलें असतें, आणि चिकुनगुन्यांत तर सांधे कित्येक महिने दुखत राहतात. बहुतेकांचा थकवा कांहीं आठवड्यांत ओसरतो, थोड्यांचा रेंगाळतो. महाराष्ट्रांत करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत आढळले. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें करोनोत्तर आजाराची व्याख्या केली : मूळ आजारापासून साधारण तीन महिन्यांनीं दिसणारीं, निदान दोन महिने टिकणारीं आणि दुसऱ्या कोणत्याहि निदानानें न उलगडणारीं लक्षणें. त्यांत थकव्याचें नांव आहे. हें ढोंग नव्हे, एवढें तरी कागदावर आलें!

यावर लोक काय करतात? पुष्कळजण दवाखान्यांत जाऊन सलाईन लावून घेतात. नेहमींच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलींत साडेचार ग्रॅम मीठ असतें, बाकी पाणी. साखरेची बाटली घेतली तर सुमारें पांच चमचे साखर मिळते. ज्याला उलट्यांनीं पाणीहि पचत नाहीं, त्याला ती जरूर द्यावी. परंतु जो चालत दवाखान्यांत आला, त्याला वरण-भात, अंडें, दूध वा मूठभर शेंगदाणे यांनीं अधिक बळ येईल. दुसरे कित्येक प्रतिजैविकांच्या गोळ्या मागतात. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, आणि पेनिसिलीन म्हणजे काय हें या गांवाला जितकें ठाऊक असावें तितकें दुसऱ्या कोणास? पण पेनिसिलीन मारतें तें जीवाणूंना. विषाणूवर त्याची मात्रा चालत नाहीं. वेदनाशामक गोळ्याहि मनानें महिनोन्महिने घेऊं नयेत. त्यांपैकीं कित्येकांनीं जठर व मूत्रपिंड बिघडतें.

माझ्या विद्यार्थ्याची खरी चूक निराळीच होती. एका गुरुवारीं त्याला बरें वाटलें, म्हणून त्यानें मोटारसायकल धुतली, गव्हाचें पोतें तिसऱ्या मजल्यावर नेलें, संध्याकाळीं बाजार केला. आणि पुढचे दोन दिवस तो उठला नाहीं. श्रमाची शिक्षा त्याच दिवशीं न होतां दुसऱ्या दिवशीं होते, हें या थकव्याचें कपटी लक्षण आहे. म्हणून मीं त्याला शाळेची जुनी वही दिली व रोजचा जमाखर्च लिहावयास सांगितलें : आज काय केलें, उद्यां कसें वाटलें. आठ दिवसांत त्यालाच आपली मर्यादा कळली. मर्यादेच्या आंत थांबावें, कामाचे तुकडे पाडून मध्यें आडवें व्हावें, आणि आठवडाभर तें सोसलें तरच थोडें वाढवावें. सर्वस्वीं पडून राहणेंहि बरें नव्हे. पण "व्यायाम करा, सरळ व्हाल" हा उपदेश सर्वांना लागू नाहीं. श्रमानंतर कोसळणाऱ्या दीर्घ थकव्याच्या रुग्णांना ठराविक प्रमाणांत वाढत जाणारा व्यायाम देऊं नये, असें इंग्लंडच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनानें २०२१ सालीं ठरविलें.

सगळाच थकवा मात्र विषाणूच्या माथीं मारूं नये. धाप, छातींत दुखणें, पायांवर सूज, वजन घटणें, दोन आठवड्यांपलीकडे खोकला वा संध्याकाळचा बारीक ताप असेल तर डॉक्टर गांठावा. क्षय, मधुमेह, रक्तक्षय, थायरॉईड हे याच आडोशाला लपून बसतात.

आतां पोटाचा प्रश्न. ज्यांची राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी नियमाप्रमाणें भरली गेली आहे, त्यांना डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षांत ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. चिंचवडला मोहननगरांत या योजनेचें रुग्णालय आहे. वर्गणी दरमहा कापली जाते हें पुष्कळांना ठाऊक असतें, भत्ता मागतां येतो हें नसतें. माझ्या विद्यार्थ्यालाहि नव्हतें. घरांतील बायकांना तर असा भत्ताहि नाहीं. कारखान्याला गुरुवारची सुट्टी तरी असते, स्वयंपाकघराला तीहि नसते. आजारी सुनेच्या हातची पोळी एक महिना नाहीं खाल्ली तर काय बिघडतें, हें सासूबाईंनीं आणि त्याहून अधिक चिरंजीवांनीं सांगावें.

माझ्या विद्यार्थ्यानें दाखला घेतला, पांच आठवडे घरीं राहिला, आणि परतल्यावर कांहीं दिवस बसून करण्याचें काम मागून घेतलें. दिवाळीनंतर तो पुरी पाळी करूं लागला. सकाळीं उठल्यावर त्याची मूठ मात्र संक्रांतीपर्यंत नीट वळत नव्हती.